टॉवेल कारखान्यासाठी व्हिजिटर पॉलिसी लिहायची आहे, गेटवर चालेल अशी. मार्गदर्शन हवं

टॉवेल एचआर

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना. ४८ माग, मागच्या बाजूला डाईंग, वरच्या मजल्यावर पॅकिंग आणि ऑफिस. दोन पाळ्या, एका पाळीला साधारण ५५ माणसं. गेट एकच आणि वॉचमनही एका वेळी एकच. गेटवर लांब वही आहे, त्यात नाव, गाव, काम, सही, बस्स. आता परदेशी खरेदीदाराच्या ऑडिटसाठी लेखी व्हिजिटर पॉलिसी हवी आहे.

नेटवर मिळालेले नमुने सगळे काचेच्या ऑफिसांचे आहेत. आमच्याकडे येतात सुताचे दलाल, ट्रकवाले, माग दुरुस्तीचे मिस्त्री, डबा घेऊन येणारी कामगारांच्या घरची माणसं, कॉलेजची मुलं, वर्गणीवाले आणि न सांगता येणारे सरकारी अधिकारी. या सगळ्यांना एकच नियम कसा लावायचा? आधार कार्डाची झेरॉक्स घ्यावी का? मोबाइल गेटवर ठेवून घ्यावेत का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गेट ते गोडाऊन

मालक, लिहायला बसण्याआधी मागच्या महिनाभराची वही चाळा आणि 'बाहेर पडल्याची वेळ' हा रकाना किती ठिकाणी कोरा आहे ते मोजा. तुमच्या वहीत तो रकानाच नसेल तर पहिलं काम तेच. आग लागली, बॉयलरला काही झालं, तर फायरब्रिगेडवाले पहिला प्रश्न विचारतात की आत माणसं किती. कामगारांची हजेरी असते, पाहुण्यांची नसते.

हा रकाना कोरा राहतो त्याचं कारण साधं आहे. येताना माणसाला आत जायचं असतं म्हणून तो थांबून लिहितो. जाताना त्याला घाई असते आणि नेमका तेव्हा वॉचमन ट्रकला गेट उघडत असतो. वॉचमनला दम देऊन हे सुधारत नाही. गेटच्या खोलीत लाकडी फळा लावा, त्यावर २० हुक, प्रत्येक हुकाला क्रमांक आणि त्याच क्रमांकाचा प्लास्टिकचा पास. जो हुक रिकामा, तो माणूस आत. वही न उघडता दिसतं. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा वॉचमन दोघांनी रिकामे हुक मोजून वहीत आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. पाहुण्याची मोटारसायकल आत लावली असेल तर पास परत आल्याशिवाय ती बाहेर सोडायची नाही. मात्र पासाच्या बदल्यात लायसन्स किंवा आधार अडकवून ठेवू नका. हरवलं तर भांडण तुमच्या गळ्यात.

दुसरी गोष्ट त्या लांब वहीची. सुतळीने पेन बांधलेली ती वही टेबलावर उघडी पडलेली असते. सुताचा दलाल सही करता करता वरच्या दहा ओळी वाचतो आणि कोणता खरेदीदार कधी येऊन गेला, कोणता दुसरा दलाल भाव देऊन गेला, हे त्याला कळतं. धंद्याची गुपितं अशी गेटवरच फुटतात. त्याऐवजी प्रेसमधून ५० पानी स्लिपबुक छापून घ्या, कार्बन लावून दोन प्रती निघतील असं, क्रमांक छापलेलं. पाहुण्याची माहिती स्लिपवर, वॉचमनच्या वहीत फक्त स्लिप क्रमांक, पास क्रमांक, कुणाकडे, आत, बाहेर. मूळ स्लिप पाहुण्यासोबत जाते, ज्याच्याकडे काम आहे तो तिच्यावर वेळ टाकून सही करतो, आणि ती गेटवर परत येते. सही नसलेली स्लिप परत आली तर समजायचं की माणूस भलतीकडेच फिरून आला.

'सगळ्यांना एकच नियम' हा नाद सोडा. पासाचे रंग चार करा. पांढरा ऑफिसपुरता. पिवळा शेडमध्ये जाण्यासाठी, पण सोबत आतला माणूस हवाच. लाल मिस्त्री, इलेक्ट्रिशियन, वेल्डिंगवाला यांचा, म्हणजे आत येऊन हाताने काम करणाऱ्यांचा. हिरवा ड्रायव्हरचा, मालधक्क्यापुरता. रंग लांबूनच कळतो. पांढऱ्या पासाचा माणूस वार्पिंगजवळ, म्हणजे ताणा भरायच्या यंत्राजवळ, दिसला तर कुणीही जॉबर (मागांवरचा मुकादम) त्याला हटकू शकतो, आणि हटकायचं हे पॉलिसीत लिहा, म्हणजे कामगाराला भीड वाटत नाही.

कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारी पाच नावं गेटवर चिकटवा, पाचापेक्षा जास्त नकोत. मागांच्या आवाजात मोबाइल ऐकू जात नाही, म्हणून वॉचमनने सुपरवायझरच्या मोबाइलवर नव्हे, ऑफिसच्या इंटरकॉमवर फोन करायचा. १५ मिनिटांत कुणी 'हो' म्हटलं नाही तर पाहुण्याला तसं स्पष्ट सांगायचं. 'बघून या आत' म्हणून सोडणं बंद.

ट्रकवाल्यांचं वेगळं लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ आत तेच असतात. गाडी धक्क्याला लागली की इंजिन बंद, चावी गेटवर किंवा धक्क्याच्या सुपरवायझरकडे, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. हमाल गाडीत असताना ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली की माणूस धक्का आणि फाळका यांच्या मधल्या फटीत पडतो. क्लीनरला स्वतःचा पास द्या, ड्रायव्हरच्या पासावर दोघं नकोत. क्लीनर कोवळा पोरगा दिसला तर वय विचारा, गाडी बाहेर उभी करा आणि ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करा. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ड्रायव्हरला गेटजवळ सावली, पिण्याचं पाणी आणि संडास द्या. हे नसेल तर तो सावलीच्या शोधात गोडाऊनमध्ये शिरणारच, मग तुमचा हिरवा पास काही कामाचा नाही.

शेड सेफ्टी

वरचं सगळं बरोबर. मी शेडच्या आतलं लिहितो.

शटलचे, म्हणजे धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचे, माग असतील तर आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. आत गेल्यावर पाहुण्याला काही सांगणं म्हणजे ओरडणं, आणि तरी ऐकू येत नाही. म्हणून सूचना दाराबाहेरच द्यायच्या, दोन मिनिटांत. इअरप्लग तिथेच द्यायचे, आणि कसे घालायचे ते दाखवायचं: प्लग चिमटीत बारीक वळायचा, कान वर आणि मागे ओढून तो आत सारायचा, फुगेपर्यंत बोटाने धरायचा. नुसता कानावर टेकवलेला प्लग काही करत नाही. हाताच्या दोन खुणा ठरवा. मूठ वर म्हणजे जागेवर थांबा, तळहाताने दार दाखवलं म्हणजे बाहेर चला.

कपड्यांचा नियम आपल्या भागासाठी लिहायला हवा, 'लूज क्लोदिंग' म्हणून भागत नाही. साडीचा पदर, ओढणी, उपरणं, गळ्यातला मफलर, धोतराचा सोगा, मोकळे केस, लोंबती माळ. पट्टा आणि पुलीत पदर गेला तर माणूस सोडवायला वेळ मिळत नाही. दाराशी सेफ्टी पिना आणि अंगावर घालायचे चार-पाच एप्रन ठेवा, पदर कमरेला खोचून वर एप्रन बांधला की काम होतं. बाईमाणसाला 'साडी आहे म्हणून आत येता येणार नाही' असं सांगू नका. खरेदीदाराकडून येणाऱ्या तपासनीस पुष्कळदा बायकाच असतात. चप्पल मात्र नाही. दोन-तीन मापांचे पुढून बंद बूट गेटवर ठेवा, ७, ८ आणि ९ नंबरात बहुतेकांचं भागतं, बायकांसाठी ४ आणि ५.

धोटा मागातून उडाला तर सहसा बाजूच्या टोकाकडून बाहेर येतो. त्यामुळे पाहुण्यांना दोन मागांच्या टोकांमधल्या बोळात उभं करून माहिती सांगू नका. थांबायची जागा जमिनीवर पिवळ्या रंगाने आखा, भिंतीकडेला, आणि बोलणं तिथेच. शेडमध्ये एका आतल्या माणसामागे पाच पाहुणे. कॉलेजची ट्रिप असेल तर दहा-दहाचे गट, एक गट आत, बाकीचे सॅम्पल रूममध्ये. ४० मुलं एकदम आत सोडली की शेवटची मुलं हमखास मागाला हात लावून बघतात. विद्यार्थ्यांची यादी आदल्या दिवशी मागवा, येताना आणि जाताना डोकी मोजा, पाळी बदलण्याच्या अर्धा तास आधी आणि नंतर ट्रिप घेऊच नका.

काडेपेटी, लायटर, विडी-सिगारेट गेटवरच काढून घ्यायची. तंबाखूची पुडीही. मागांच्या खाली, पंख्यांच्या पात्यांवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर कापसाचे तंतू साचलेले असतात, आणि त्यांवरून आग पळते, जागेवर जळत बसत नाही. लाल पासवाला वेल्डर आला तर नुसता पास पुरत नाही, त्या दिवसाचं कामाचं परवानापत्र हवं: कुठे, किती वाजेपर्यंत, भोवतालचे तंतू झाडून जमीन ओली केली का, अग्निशामक शेजारी आहे का, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथे कोण थांबणार. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. ठिणगी गाठीत दबून राहते आणि मिस्त्री घरी गेल्यावर धूर येतो.

मोबाइल ठेवून घ्यायचं म्हणाल तर माझं मत नाही. १५ फोन ड्रॉवरमध्ये, एकाचा स्क्रीन फुटला की वाद. कॅमेऱ्यावर गोल स्टिकर लावा, जो काढला की फाटतो, आणि जाताना बघा. जॅकार्डची (विणीतल्या नक्षीची) डिझाइन रूम आणि नव्या सॅम्पलचं कपाट मात्र कुठल्याच रंगाच्या पासावर उघडायचं नाही, तिथे मालकाची परवानगी लेखी.

टॉवेल एचआर

खूप आभार. हुकांचा फळा उद्याच सुताराला सांगतो. दोन गोष्टी राहिल्या. डबा घेऊन येणाऱ्या बायका-मुलांना गेटवर अडवलं तर कामगार नाराज होतात, वर्षानुवर्षं ती थेट मागापर्यंत जातात. आणि सरकारी माणूस आला की वॉचमन घाबरून एक तर गेट सताड उघडतो, नाही तर 'साहेब नाहीत' म्हणून परत पाठवतो.

कायदा आणि कागद

डब्याच्या मुद्द्यावर अजिबात मऊ होऊ नका. १९४८ च्या जुन्या कारखाने अधिनियमात कलम १०३ होतं. काम चालू असताना किंवा यंत्रं फिरत असताना जो माणूस कारखान्यात सापडेल, तो उलट सिद्ध होईपर्यंत तिथला कामगारच मानला जायचा, जेवणाच्या किंवा विश्रांतीच्या सुट्टीचा वेळ सोडून. आता विचार करा, दहा वर्षांची मुलगी वडिलांचा डबा घेऊन मागाशेजारी उभी आहे आणि निरीक्षक आत आला. ती कामाला नाही हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. पास नाही, वहीत नोंद नाही, मग सिद्ध कशाने करणार? खरेदीदाराच्या ऑडिटमध्ये तर बालकामगाराचा नुसता संशय आला तरी ऑर्डर थांबते.

उपाय असा, की डबा बंद करू नका, डब्याला जागा द्या. गेटच्या आत पण शेडच्या बाहेर सावलीत एक मांडणी, कप्प्यांवर माग क्रमांक. डबा तिथे ठेवायचा, सुट्टीत कामगाराने येऊन घ्यायचा. बाजूला एक बाक ठेवा, घरच्यांशी दोन शब्द बोलायला. हे लागू करण्याआधी कामगारांना बसवून कारण समजावून सांगा. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटल्यावर कुणी नाराज राहत नाही. घरून तातडीचा निरोप आला तर वॉचमनने तो लिहून घेऊन पाच मिनिटांत पोचवायचा, हेही पॉलिसीत घाला.

एक सूचना. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून पॉलिसीत क्रमांक लिहू नका, करायची गोष्ट लिहा.

सरकारी अधिकारी. कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पीएफ, ईएसआय, यांना प्रवेशाचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. त्यांना अडवणं हा गुन्हा ठरू शकतो. पण ओळखपत्र बघणं म्हणजे अडवणं नव्हे. वॉचमनला चारच वाक्यं शिकवा: 'नमस्कार साहेब. कृपया ओळखपत्र दाखवाल? बसा, पाणी घ्या. मॅनेजर पाच मिनिटांत येतात.' मॅनेजर नसेल तर कोण, आणि तोही नसेल तर कोण, अशी तीन नावं उतरत्या क्रमाने लिहून ठेवा, रात्रपाळीसाठी वेगळी. 'साहेब नाहीत' हे उत्तर पॉलिसीतून हद्दपार करा. गोपनीयतेच्या कागदावर अधिकाऱ्यांची सही मागू नका, पण बूट आणि इअरप्लग त्यांनाही द्या. जीएसटीची झडती असेल तर सहआयुक्त किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेलं, आयएनएस-०१ नमुन्यातलं अधिकारपत्र असतं, ते शांतपणे वाचायला मागा. तोतया निरीक्षकांचा संशय आला तर त्यांनी दिलेल्या कार्डावरच्या नंबरवर फोन करू नका. खात्याच्या कार्यालयाचे नंबर आधीच शोधून गेटवर लावून ठेवा आणि तिथे विचारा.

आधारची झेरॉक्स नको म्हणजे नकोच. कुठलंही एक फोटो असलेलं ओळखपत्र बघा, परत द्या, स्लिपवर 'बघितलं' अशी खूण करा. कुणी आधार पुढे केलंच तर नंबर उतरवून घेऊ नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीसाठी आहे, आणि कागदावर घेतलेली माहिती नंतर संगणकात भरली तर तिच्यासाठीही. तुमच्या स्लिपा एक्सेलमध्ये चढवणार असाल तर स्लिपच्या तळाशी एक ओळ छापा: ही माहिती सुरक्षेसाठी घेतली आहे, ९० दिवसांनी नष्ट केली जाईल. आणि खरंच नष्ट करा. रद्दीत देऊ नका. मोबाइल नंबरांचे ते गठ्ठे भलत्याच्या हातात जातात. अपघाताची नोंद असलेली स्लिप मात्र वेगळ्या फाइलला लावून जपा.

बायकांच्या सुरक्षिततेचं कलम ठळक लिहा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बाहेरून येऊन संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे. ड्रायव्हर, दलाल, ग्राहक, कुणीही असो. अंतर्गत समितीची नावं आणि फोन पॅकिंग विभागात लावता तसे गेटवरही लावा. स्त्रीची झडती फक्त स्त्रीनेच घ्यायची. स्त्री रक्षक नसेल तर पिशवी तिनेच उघडून दाखवायची, अंगाला हात नाही.

परदेशी पाहुण्याची नोंद इतरांसारखीच. पण तुमच्या गेस्ट हाऊसमध्ये मुक्काम दिला तर परदेशी माणूस उतरल्याची माहिती (पूर्वीचा सी-फॉर्म) २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. हॉटेलात उतरला तर ते काम हॉटेलचं.

डाईंग मास्तर

डाईंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डाईंगमध्ये पाहुणा शक्यतो नेऊच नका. रंग बघायचा असेल तर लॅब-डिपचे, म्हणजे चाचणीसाठी रंगवलेले, तुकडे आणून दाखवा, दारातून नजर टाकू द्या. फरशी कायम ओली, कॉस्टिक सोडा आणि पेरॉक्साइडचे कॅन उघडे, कापड पिळून काढणारं हायड्रो मशीन थांबताना दिसतं पण टोपली अजून फिरत असते. नवखा माणूस नेमका तेव्हा वाकून बघतो. जावंच लागलं तर गॉगल आणि गमबूट, आणि आधी पाण्याचा नळ कुठे ते दाखवायचं. कॉस्टिक उडालं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं, डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून. मलम, लिंबू, व्हिनेगर काही नाही. बॉयलर हाऊस सगळ्यांना बंद.

प्रदूषण मंडळाचा अधिकारी सांडपाण्याचा नमुना घ्यायला येतो तेव्हा गेटवर घोळ घातलेला महागात पडतो. नमुना तुमच्या समोर दोन भागांत करून सीलबंद करायचा, दोघांच्या सह्या, आणि दुसरा भागही तपासायला पाठवा अशी मागणी तुम्हाला करता येते. जबाबदार माणूस हजरच नसेल तर ही मागणी करणार कोण? त्या तीन नावांत सांडपाणी प्रकल्पाच्या माणसाचं नाव चौथं घाला.

हिशेबनीस

वर्गणीचं मी सांगतो. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, वर्षभर कुणी ना कुणी येतंच, आणि आपल्या गावात कुणाला गेटवरून तोंड फिरवून पाठवता येत नाही, पाठवूही नये. शनिवारी ११ ते १२ अशी वेळ ठेवा, पावती देणाऱ्या मंडळालाच, एकच माणूस बोलणार, तेही गेटच्या खोलीत. दोघांपेक्षा जास्त जणांनी आत यायचं नाही. वॉचमनच्या हातात पैसे ठेवू नका, नाही तर सौदा तिथेच सुरू होतो. आणि विम्याच्या एजंटाला एकदा विचारा की बाहेरच्या माणसाला आत इजा झाली तर तुमचा विमा त्याची भरपाई देतो का. ईएसआय कामगारांसाठी आहे, पाहुण्याला त्यातलं काही मिळत नाही. यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा वेगळा असतो.

टॉवेल एचआर

सगळ्यांचा मनापासून आभारी आहे. गेटवरच्या बोर्डाचा मजकूर असा केला आहे, बघून सांगा:

'थांबा. नाव सांगा, पास घ्या. विडी, काडेपेटी, लायटर येथे ठेवा. पास गळ्यात दिसू द्या. सोबतचा माणूस सोडून फिरू नका. डबा मांडणीवर ठेवा. १८ वर्षांखालील मुलांना शेडमध्ये प्रवेश नाही. भोंगा वाजला तर पिंपळाखाली जमा. जाताना पास परत द्या.'

गेट ते गोडाऊन

मजकूर छान, आटोपशीर आहे. तीन दुरुस्त्या. एक, बोर्ड मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी चारही भाषांत करा, आपल्याकडे ड्रायव्हर विजयपूर-कलबुर्गीकडचे आणि कामगारांच्या घरची माणसं तेलुगू बोलणारी. तेलुगू-कन्नड मजकूर त्या भाषेच्या कामगाराकडून वाचून घ्या, पेंटर अक्षरं चुकवतो. काडेपेटी, मोबाइल, चप्पल यांची चित्रं काढा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल. दोन, '१८ वर्षांखालील' वाक्यामुळे कॉलेजची अकरावी-बारावीची ट्रिप अडकेल, म्हणून 'लेखी परवानगीशिवाय' हे शब्द घाला. तीन, पिंपळ गेटच्या आत आहे की बाहेर? आत असेल आणि ट्रकच्या वाटेवर असेल तर जागा बदला, कारण फायरब्रिगेडची गाडी त्याच वाटेने येणार. आणि भोंगा वाजला की वॉचमनने फळा आणि वही उचलून तिथे न्यायची, गेट सताड उघडून. फळा भिंतीला खिळ्यांनी ठोकू नका, दोन कड्यांवर अडकवा, म्हणजे एका हाताने काढता येतो.